सेवाधारी कुठे उभा करायचा?



 

राज्यभरातल्या संकेतस्थळं घडवणाऱ्यांची ही परिषद आमच्या शेगावऐवजी पुण्या-मुंबईतही भरली असती. पण येणाऱ्याची सोय कशी बघावी, हे शिकायला शेगावसारखं ठिकाण नाही. 1908 साली स्थापन झालेल्या श्री गजानन महाराज संस्थानाला त्याचे विश्वस्त राहिलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी जे वळण लावलं, ते मंदिरात शिरताच पायांना कळतं. दर्शनबारीत बसायला जागा, प्यायला पाणी, सगळीकडे स्वच्छता. आणि माणूस गोंधळेल नेमक्या त्या वळणावर ‘माउली, इकडून या’ म्हणणारा सेवाधारी. माणसं कुठे अडतात हे नीट पाहिल्याशिवाय असं जमत नाही.

आपल्या संकेतस्थळांवर हा सेवाधारी कुठे असतो? जवळच्या संग्रामपूरकडचा शेतकरी पीकविम्याच्या अर्जासाठी अजून सेवा केंद्रावर का जातो? घरात फोन आहे, पोरगं शिकलेलं आहे. पण म्हातारा चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. जन्मसाल निवडायला चालू सालापासून 1958 पर्यंत बोट घासत जावं लागतं. आधारवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेत दुसरं. अर्ज म्हणतो ‘अवैध माहिती’. कोणती, ते काही सांगत नाही! आणि शोधताना ‘शेगांव’ असं अनुस्वार देऊन लिहिलं, तर कित्येक ठिकाणी आमचं गावच गायब.

नियमांची वाण नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. एप्रिल 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरी कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर, वेगवान इंटरनेटवर पाहून आपण ‘चालतंय’ म्हणतो. त्याला मी चाचणी मानत नाही.

म्हणून उद्याची दुपार मुद्दाम मोकळी ठेवली आहे. गावात जा. साधा स्मार्टफोन वापरणाऱ्या एखाद्या माउलीला विनंती करा, आपलं संकेतस्थळ त्यांच्या हाती द्या आणि तोंडातून शब्द न काढता अर्धा तास शेजारी बसा. संध्याकाळी परत याल, तेव्हा दुरुस्त्यांची यादी घेऊनच या.