फाईल बिघडली नव्हती, वाट तुटली होती

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत लेखापाल ताईंनी केलेले बोलणे)

अध्यक्षताईंनी दहा मिनिटं दिलीत, म्हणून आधी माझी चूकच सांगते.

मार्चअखेरची गोष्ट. आमच्या कार्यालयात दोन संगणक. गटांच्या हिशोबाच्या एक्सेल फाईली आतल्या खोलीतल्या संगणकावर, आणि मी बाहेरच्या लॅपटॉपवर वायफायने त्या उघडायची. त्या दिवशी एका गटाची फाईल उघडायला गेले तर संदेश आला : फाईल वाचता येत नाही, ती खराब झाली असावी. बँकेत यादी त्याच दिवशी द्यायची होती. मी घाबरले. फाईल पुसली, जानेवारीची जुनी प्रत काढली आणि भराभर पुढचं टाईप केलं. त्यात मासळी विकणाऱ्या एका ताईंचे दोन हप्ते राहून गेले. यादीत त्या थकबाकीदार!

गटसभेत बाकीच्या जणी त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. ताई भांडल्या नाहीत. पिशवीतून पासबुक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. दोन्ही हप्ते तारखेसह, खाली सचिवांची सही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाच्या फाईलला तोच संदेश आला. या वेळी हात आवरला. आत जाऊन त्याच संगणकावर ती उघडली, तर अगदी नीट. तेव्हा कळलं. संगणक फाईल एका घासात घेत नाही, तुकड्यातुकड्यांनी वाचतो. मध्येच वायफाय गेलं की उरलेले तुकडे पोचत नाहीत आणि तो फाईललाच दोष देतो. दिघीहून निघालेली फेरीबोट खाडीत अडकली म्हणून आगरदांडा बुडालं, असं आपण म्हणतो का?

म्हणून असा संदेश आला की काही पुसायचं नाही. नेटवर्कवरून पुसलेली फाईल तुमच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हे मला महागात पडलं. आधी फाईल जिथं ठेवलीय त्या संगणकावर उघडून बघा. तिथंही उघडली नाही तरच ती खरी बिघडलेली समजा.

आता मी फाईल थेट उघडतच नाही. आधी लॅपटॉपवर कॉपी करते, दोन्हीकडचा आकार बाईटपर्यंत सारखा आहे का बघते, काम झालं की नावात तारीख घालून परत ठेवते. जुनी तशीच राहते. दोघींनी एकच फाईल नेली तर मात्र घोटाळा होतो, म्हणून दाराशी एक वही टांगलीय : कोणती फाईल, कोणी नेली, परत कधी. कधी संदेश येतो की फाईल दुसऱ्या कुणीतरी उघडलीय, आणि कार्यालयात तर आपण एकट्याच! जोडणी तुटली तेव्हाची ती खूण मागे राहिलेली असते. खरंच कुणी उघडलेली नाही ना, ते बघा, आणि तो संगणक बंद करून पुन्हा चालू करा.

वायरही बघत जा. आपल्याकडचा खारा वारा कशाला सोडतो? आमच्या वायरच्या टोकाच्या पिना हिरवट पडल्या होत्या. टोक बदललं, राउटरला छोटी बॅटरी लावली, तेव्हापासून निम्मी कटकट गेली.

आणि वही सोडू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे खांब पडले, लाईट गेली, फोन बंद. त्या दिवसांत ज्यांची वही कोरडी राहिली त्यांचाच हिशोब हाताशी होता.

त्या ताईंची दुरुस्त यादी मी स्वतः बँकेत नेऊन दिली आणि गटसभेत चूक सगळ्यांसमोर कबूल केली. त्या हसल्या. पासबुक मात्र अजून दर सभेला पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवतात.