शेराला साक्षीदार लागत नाही



आपल्याकडच्या वकिलांच्या कपाटातले ‘मुल्ला’ म्हणजे मुंबईचे सर दिनशा मुल्ला, हिंदू कायद्यावरच्या त्या जाडजूड ग्रंथाचे कर्ते. आज मी बोलणार आहे ते मुल्ला लखनौचे. आनंद नारायण मुल्ला. काश्मिरी पंडितांच्या घराण्यातले, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि उर्दूतले मोठे शायर. वसंत व्याख्यानमालेची परंपरा पुण्यात रानड्यांनी न्यायखात्यात नोकरीला असताना सुरू केली. तेव्हा अशा मालेत एका न्यायाधीशाच्या कवितेविषयी बोलणं अस्थानी होणार नाही.

मुल्लांचा जन्म १९०१ चा. वडील जगत नारायण लखनौचे नामांकित वकील. क्रांतिकारकांवरच्या काकोरी खटल्यात सरकारपक्षाचं काम त्यांनी चालवलं. त्या खटल्यात रामप्रसाद बिस्मिल यांना फाशी झाली, १९ डिसेंबर १९२७ रोजी, गोरखपूरच्या तुरुंगात. बिस्मिल कवी होते. आपली आत्मकथा त्यांनी त्याच तुरुंगात लिहिली. ज्या घरातून एका कवीविरुद्धचा खटला चालला, त्या घरातला मुलगा पुढे स्वतः शायर झाला, न्यायाधीश झाला आणि उतारवयात देशभरच्या तुरुंगांची चौकशी करायला बसला. मुल्लांचा विचार करताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

१९५४ ते १९६१ अशी सात वर्षं ते न्यायमूर्ती होते. कविता त्याआधीपासून होती आणि नंतरही राहिली. ‘मुल्ला’ हे आडनावच त्यांनी तखल्लुस, म्हणजे कवितेतलं टोपणनाव, म्हणून घेतलं. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर स्वतःचं नाव घेतो. पुष्कळदा स्वतःलाच हटकतो, जाब विचारतो. दिवसभर दुसऱ्यांचा जबाब ऐकणारा माणूस तिथे स्वतः पिंजऱ्यात उभा राहतो. मला वाटतं, न्यायाधीशाला याहून चांगली सवय लागणं कठीण.

पण कायद्याच्या जगात त्यांचं नाव राहिलं ते एका वाक्यामुळे. फौजदारी अपील होतं. पोलीस अधिकाऱ्याच्या खोट्या पुराव्याचा प्रश्न समोर आला होता. निवृत्ती तोंडावर आलेली. मुल्लांनी लिहून टाकलं की, भारतीय पोलीस दल ही जी संघटित संस्था आहे, तिच्या गुन्ह्यांच्या जवळपास जाईल अशी कायदा मोडणारांची दुसरी टोळी या देशात नाही. सरकार हादरलं. वाक्य काढून टाकावं असा अर्ज झाला, तो मुल्लांनी मानला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ साली ते शेरे निकालपत्रातून वगळण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा तीन कसोट्या घालून दिल्या. ज्याच्याविरुद्ध शेरा मारायचा त्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती का? तसा पुरावा दप्तरावर आहे का? आणि तो शेरा मारल्यावाचून निकाल देता आलाच नसता का? आजही कुणाविरुद्धचे शेरे वगळायचा प्रश्न निघाला की वकील याच निकालाकडे वळतात.

मी मुल्लांच्या कवितेवर प्रेम करतो, तरी सांगतो की सर्वोच्च न्यायालयाचं बरोबर होतं. ते वाक्य न्यायाधीशाचं नव्हतं, शायराचं होतं. दोन ओळींत शायर साऱ्या दुनियेला बेवफा ठरवतो आणि आपण दाद देतो. शेराला साक्षीदार लागत नाही, तो ऐकणाऱ्याच्या काळजात खरा ठरतो. निकालपत्रात मात्र समोर नसलेल्या हजारो शिपायांना, बाजू न ऐकता, दोषी धरता येत नाही. आपल्या न्यायासनाकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी मुल्लांनी हाच नियम पाळला असणार. त्या एका जागी संतापाने त्यांची लेखणी ओढून नेली. पण तो संताप खोटा नव्हता. कोठडीत मार खाल्लेली माणसं सात वर्षं कागदांतून समोर येत राहिली, तर कवीचं मन किती दिवस गप्प बसेल?

पुढचा भाग भराभर सांगतो. १९६४ साली ‘मेरी हदीस-ए-उम्र-ए-गुरेज़ाँ’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हातातून निसटत चाललेल्या आयुष्याची हकीकत, असा त्या नावाचा अर्थ. १९६७ मध्ये लखनौतून अपक्ष उभे राहून ते लोकसभेत गेले, नंतर राज्यसभेत.

आणि मग १९८०. केंद्र सरकारने कारागृह सुधारणेसाठी अखिल भारतीय समिती नेमली, अध्यक्ष मुल्ला. तिचा अहवाल १९८३ साली आला. माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत मोठी रचना. विस्मयाची गोष्ट ही की, इथे एकही भडक वाक्य लागलं नाही. जेवण, कपडे, स्वच्छता नीट असावी. सुटून आलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं हा शिक्षेच्या व्यवस्थेचाच भाग असावा. पत्रकारांना आणि समाजातल्या जाणत्या माणसांना अधूनमधून तुरुंगात जाऊन पाहू द्यावं. कायमचा राष्ट्रीय कारागृह आयोग असावा. कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवावं आणि त्यांची संख्या अगदी कमीत कमी करावी. १९६१ साली जे एका वाक्यात फुटून बाहेर आलं होतं, ते आता कलमाकलमाने, पुराव्यानिशी, अंमलात आणता येईल असं मांडलं गेलं.

१९९७ साली मुल्ला गेले. तुरुंग बहुतेक राज्यांत पुढेही कितीतरी वर्षं १८९४ च्या इंग्रजी कायद्यावरच चालत राहिले. आणि अलीकडच्या सरकारी आकड्यांत पाहाल तर दर चार कैद्यांतले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा निकाल अजून लागायचा आहे.