पदवीची खतावणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



महाविद्यालयीन शिक्षणावर दोन शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली, तेव्हा थोडा संकोच वाटला. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम, एवढीच माझी विद्येची पुंजी. महाविद्यालयाची पायरी मी चढलो ती मुलांच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापुरती. परंतु सारे आयुष्य हजेरीपट आणि प्रगतिपुस्तके भरण्यात गेल्यामुळे हिशेब तेवढा कळतो. आणि आज पदवी हा विद्वत्तेइतकाच हिशेबाचा विषय होऊन बसला आहे, असे माझे नम्र मत आहे.

पूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी “पास झालास ना?” एवढे विचारले तरी भागत असे. आता तो प्रश्न अपुरा पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात प्रथम स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि नंतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीत पदवी मोजली जाते ती श्रेयांकांत. मुले त्यास क्रेडिट म्हणतात. वर्गातील साधारण पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाच्या तीस तासांस एक. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६. नेमका आकडा त्या त्या विद्यापीठाचा.

येथपर्यंत सारे सोपे. अडचण पुढेच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दुकानदारीची परंपरा आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. रोजकिर्दीत जमा दिसली म्हणून प्रत्येकाचे खाते चुकते झाले असे होत नाही. त्यासाठी खतावणी लागते. पदवीचेही तसेच आहे. मुख्य विषयाचे खाते निराळे, दुय्यम विषयाचे निराळे. त्याशिवाय खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रप्रकल्प, समाजकार्य, अशी कितीतरी खाती. प्रत्येक खात्यात ठराविक श्रेयांक पडलेच पाहिजेत. एका खात्यातील जादा रक्कम दुसऱ्या खात्याची तूट भरून काढीत नाही. समजा, विद्यापीठाने १३२ श्रेयांक ठरविले आहेत आणि मुलाने १३० मिळविले आहेत. राहिला आहे तो मूल्यशिक्षणाचा दोन श्रेयांकांचा विषय. मुख्य विषयात तो वर्गात पहिला असला तरी पदवी अडली ती अडलीच.

हा काही केवळ कल्पनेतील धोका नव्हे. जुन्या सत्रपद्धतीतच आपल्या समाजातील एका होतकरू मुलाची अशी गत झाली. अंतिम वर्षाच्या दोन्ही सत्रांत उत्तम गुण, हाती नोकरीचे पत्र, घरी पेढे आणलेले. आणि निकालपत्रावर “निकाल राखीव”. दुसऱ्या वर्षाचा एक विषय एटीकेटीने मागे राहिला होता. मुख्य विषयांच्या गडबडीत तो पुढच्या वेळी देऊ, पुढच्या वेळी देऊ, असे करता करता विस्मरणात गेला होता. फेरपरीक्षा आणि तिचा निकाल होईपर्यंत ती जागा दुसऱ्याने घेतली. मुलगा हुशार होता, आळशीही नव्हता. फक्त घरात कोणी खतावणी ठेवलेली नव्हती.

“मास्तर, आता हे सारे संगणकावर असते,” असे मुले मला सांगतात. खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था सुरू केली. विद्यार्थ्याचे तेथे खाते असते, ‘अपार’ नावाचा बारा आकडी क्रमांक असतो, डिजिलॉकरमधून ते पाहता येते. परंतु या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः भरणा करता येत नाही. भरणा करावयाचा तो शिक्षणसंस्थेने. नावातील एखादे अक्षर आधारशी जुळले नाही, तर त्यापायीही काम अडून राहते. बँकेचे पासबुक असले तरी शहाणा दुकानदार आपली वही बंद करीत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, दोनशे पानी वही घ्या. प्रवेश घेतलात त्या वर्षीचा आपल्या अभ्यासक्रमाचा आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून पहिल्या पानावर चिकटवा. वरच्या वर्गातील मित्राचा आराखडा चालणार नाही. तो बदललेला असू शकतो. पुढे प्रत्येक खात्यास एक पान: विषय, त्याचा संकेतांक, श्रेयांक, उत्तीर्ण झाल्याचे सत्र आणि बँकेत जमा झाल्याची तारीख. दर सत्राचा निकाल लागला की ताळा घ्यावा. तूट दिसली तर त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयात जावे, आणि उत्तर लेखी मागावे. ‘स्वयम्’वरील दूरस्थ अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी तर पैसे भरण्यापूर्वीच विचारावे, की हे श्रेयांक आपले विद्यापीठ धरील का आणि कोणत्या खात्यात.

आता भगिनींच्या शिक्षणाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. कोणी राग मानू नये. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका मिळते. मात्र त्यासाठी ठरलेल्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा एक कौशल्य अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. अडलेल्या विद्यार्थ्याचे श्रम वाया जाऊ नयेत हा यातील हेतू चांगला. परंतु एका गृहस्थांनी मला विचारले, “प्रमाणपत्र मिळतेच आहे, स्थळही चांगले आले आहे, मग थांबविले तर काय बिघडले?” मी त्यांना म्हटले, सोय अडचणीसाठी आहे; तिला निमित्त करू नका. तरीही जिचे लग्न झालेच, तिच्यासाठी हे सांगणे आहे की दार बंद झालेले नाही. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. सासर दुसऱ्या गावी असेल, तर मिळविलेले श्रेयांक बँकेमार्फत तिकडील संस्थेत नेण्याची तरतूद आहे. कोणते धरले जातील हे मात्र त्या संस्थेस आधी विचारावे लागते. ज्यांना वर्गात बसणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. लग्नाच्या याद्या करताना वधूपित्याने ही वही आणि अपार क्रमांक मुलीच्या स्वाधीन करावा, आणि उरलेल्या सत्रांची गोष्ट व्याह्यांशी बैठकीतच बोलून घ्यावी. दागिन्यांची होते, मानपानाची होते. हिची का होऊ नये?

शिष्यवृत्ती समितीस माझी एक सूचना आहे. अर्जासोबत केवळ शेवटचे गुणपत्रक न मागता सर्व सत्रांची गुणपत्रके आणि ही वही पाहावी. अर्ज तपासणाऱ्या मंडळींचे काम वाढेल, हे मी जाणतो. त्या कामास मी स्वतः दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात बसेन. येताना पहिल्या सत्रापासूनची गुणपत्रके आणावीत; आणि शक्यतो विद्यार्थ्याने एकट्याने न येता आई किंवा वडील यांना सोबत घेऊन यावे.