नारिंगी शर्ट
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आज एका शर्टाची गोष्ट सांगते. अमेरिकेच्या वर कॅनडा देश आहे. तिथलेही मूळ मालक आदिवासीच. १९७३ साली तिथली सहा वर्षांची पोर, फिलिस वेबस्टॅड, निवासी शाळेत निघाली. आजीने तिला नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला. शाळेत पोचल्याबरोबर तो काढून घेतला. परत मिळालाच नाही.

ही एकटी नव्हती. सरकार आणि चर्च मिळून शंभर वर्षांवर या शाळा चालवत होते. १९२० साली तर कायद्यानेच सक्ती केली. सुमारे दीड लाख पोरं त्यात गेली. केस कापले. आपली भाषा बोलली की मार. हजारो पोरं घरी आलीच नाहीत.

हे कशासाठी? नदीचं नाव, डोंगराचं नाव, गावाची शीव, सगळं भाषेत असतं. पोराला भाषाच येईना, तर जमीन आपली हे सांगणार कोण?

पण वाचलेली पोरं मोठी झाली आणि बोलली. कोर्टात गेली. मग आयोग बसला. सहा हजारांवर लोकांचं ऐकून २०१५ साली त्याने ९४ मागण्या मांडल्या. हा इतिहास शाळेत शिकवा, ही एक. 'आम्ही देश शोधला म्हणून जमीन आमची' हा गोऱ्यांचा जुना दावा सोडा, हीसुद्धा एक.

आता दर ३० सप्टेंबरला तिथल्या शाळांत पोरं नारिंगी शर्ट घालतात. म्हातारी माणसं वर्गात येऊन स्वतःवर बेतलेलं सांगतात. चांगलंच आहे. पण शर्ट घालणं सोपं, जमीन सोडणं अवघड. त्यांची ती लढाई चालूच आहे.

आपल्या आश्रमशाळा तशा नाहीत. पोरं आपणच पाठवतो, शिक्षण पाहिजेच. पण सुट्टीत आलेली पोर आजीशी कोणत्या भाषेत बोलते, हे घरी जाऊन बघा.

आणि वनहक्क कायदा काय म्हणतो? म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. मग पाड्यापाड्यावर एक दिवस ठरवा. म्हाताऱ्यांना शाळेत बोलवा. जुनी शेतं कुठं होती, कोणी हुसकावलं, हे त्यांनी आपल्या बोलीत सांगावं आणि पोरांनी वहीत लिहावं. म्हातारं माणूस गेलं की पुरावा गेला.

जोहार! जिंदाबाद!