मजुरी आणि मालकी



आमगावच्या भोवतालच्या खेड्यांत वैशाख म्हणजे तेंदूपानाचा हंगाम. पहाटे रानात जावे, ७०-७० पानांचे पुडे बांधावे आणि ते फळीवर मोजून द्यावे. आम्ही युनियनची माणसे वर्षानुवर्षे शेकडा पुड्यांचा दर वाढवून मागत आलो. दर वाढला, पण हिशेबाची वही ठेकेदाराकडेच राहिली.

ती वही गावाच्या हाती आली तर काय होते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखविले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तेथील ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती! तो अधिकार २०११ साली मिळाला, तेव्हा कोठे बांबूचे मोल गावाच्या पदरी पडू लागले.

योजना येतात आणि मुदत संपली की जातात; मालकी उरते. मात्र एक धोका आम्ही सांगून ठेवतो. ग्रामसभेची वही चौघांच्याच घरी राहिली, तर मालक बदलेल, मजूर मजूरच राहील. म्हणून ती भर सभेत मोठ्याने वाचा, आणि बायकांना पुढे बसवून वाचा. पुडे बांधणारे हात बहुतेक त्यांचेच असतात.