दुसऱ्यांची सुट्टी, आपली चाकरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावर येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ विद्वान मंडळी बोलून गेली. मी विद्वान नाही. गेली अठ्ठावीस वर्षे मी या गावात येणाऱ्या प्रवाशांना मोठे देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल दाखवीत आलो आहे. मराठीत या कामाला वाटाड्या असा चांगला शब्द आहे. पण आपण सारे गाईडच म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणतो. चिटणिसांनी मला विषय दिला तो असा : ‘करमणुकीच्या जागी काम करणाऱ्याला काय वाटते?’ विषय ऐकून मी प्रथम हसलो. मग घरी जाऊन विचार करू लागलो, तेव्हा हसू मावळले.

माझा एक पुतण्या महाराष्ट्रात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका मोठ्या करमणूक-उद्यानात दोन वर्षे नोकरीस होता. अशा उद्यानांचा आद्य नमुना म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५५ साली उघडलेले डिस्नेलँड. तेथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, नाटकाच्या पात्रसंचातला एक असे म्हणतात. पाळणा फिरविणारा असो की झाडू मारणारा असो, फाटकाच्या आत आला की तो रंगमंचावर आला. माझ्या पुतण्याच्या वाट्याला एका प्राण्याचा सर्वांगी पोशाख आला होता. तो सांगे, “काका, आत इतके उकडते की घाम डोळ्यांत उतरतो, आणि पुसायला हात आत नेता येत नाही. बाहेर मात्र त्या प्राण्याचा चेहरा हसतच असतो. मी रडलो काय आणि हसलो काय, लोकांना ते हसणेच दिसते.”

हे ऐकताना मला आपल्या गावचा पोय्क्काल कुदिरै आठवला. पोय्क्काल म्हणजे खोटा पाय. पायांना लाकडी पाय बांधायचे, कमरेभोवती हलका घोड्याचा सांगाडा चढवायचा आणि राजा किंवा राणी होऊन ढोलाच्या तालावर नाचायचे. हा नाच मराठा राजवटीत या मुलखात रुजला असे परंपरा सांगते. पूर्वी तो उत्सवात देवापुढे होई, आता प्रवाशांच्या कार्यक्रमांतही होतो. माझ्या ओळखीचे एक वृद्ध कलावंत नाच संपल्यावर ते लाकडी पाय सोडीत, तेव्हा त्यांच्या नडग्यांवर दोऱ्यांचे वळ उठलेले असत. पाहणाऱ्यांनी मात्र राजाच पाहिलेला असे. माझ्या पुतण्याचा पोशाख आणि हा घोडा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दुसऱ्यांची सुट्टी हीच ज्यांची चाकरी, त्या सर्वांचे गोत्र एक.

गाईडचा पोशाख दिसत नाही, इतकेच. उन्हाळ्यात देवळाचे दगडी अंगण तापते. प्रवासी अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून चालतो, आणि त्याच्याकडे तोंड करून बोलणारा गाईड बहुधा पट्टीच्या बाहेर अनवाणी उभा असतो. प्रवाशांचे प्रश्नही ठरलेले. पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा, दुसरा चहाचा, तिसरा “अजून किती पाहायचे राहिले?” हा. रामेश्वर यात्रेच्या मोटारींनी तंजावरला बहुधा दोन तास नेमून दिलेले असतात. त्या दोन तासांत राजराज चोळाने बांधलेले, १०१० साली पुरे झालेले देऊळ, नायकांनी आरंभिलेला आणि मराठ्यांनी वाढविलेला राजवाडा, आणि जमल्यास ग्रंथालय, एवढे सारे बसवायचे. एकच हकीकत दिवसातून पाच-सहा वेळा सांगायची, आणि शेवटच्या वेळी ती अशी सांगायची की जणू आजच सुचली. मुलाला ताप असो, घरी कोणी गेलेले असो, आवाज मोडता कामा नये. हे कष्ट मी रडगाणे म्हणून सांगत नाही. प्रत्येक धंद्याला आपापले काटे असतात.

या धंद्याचा खरा काटा निराळा आहे. प्रवासी पैसे देतो तो आनंदासाठी, आणि आनंद देण्याचा सर्वांत सोपा मार्ग खोटे बोलणे हा आहे. मी अनेक वर्षे सांगत असे की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. हे ऐकताच लोक ‘अहाहा’ म्हणत आणि बक्षिसीसाठी हात खिशाकडे जाई. एकदा सायंकाळी चारच्या सुमारास एका शाळेची सहल होती. मी सवयीने ते वाक्य बोललो. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पुढे आला, त्याने माझा हात धरला आणि काही न बोलता अंगणाकडे बोट केले. भली लांबलचक सावली अंगणात पसरली होती आणि आम्ही सारे तिच्यातच उभे होतो! शिक्षक हसले, मुले हसली, मीही हसलो. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही. इतकी वर्षे मी त्या सावलीत उभा राहून ती नाही असे सांगत होतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींसाठी माझ्याजवळ दुसरी गोष्ट होती. संभाजी महाराज तंजावरास आले, शहाजी महाराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले होते, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावाने सांबार जन्मास आले. ही गोष्ट इतकी गोड आहे की ती खरी असावी असे मलाही वाटते. पण तिला त्या काळच्या एकाही कागदाचा आधार मला आजवर कोणी दाखविलेला नाही. आता कोणी विचारलेच तर मी ती दंतकथा म्हणून सांगतो, आणि लगेच खरी गोष्ट पुढे ठेवतो. ज्या शहाजी महाराजांच्या (१६८४–१७१२) मुदपाकखान्याविषयी आपण बोलतो, त्यांच्याच दरबारात मराठी नाटके लिहिली गेली. आणि सांगलीस विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले ते १८४३ साली. सरफोजी महाराजांना १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीच्या हवाली करावा लागला, हाती उरला तो किल्ला. पण त्या माणसाने पुढे नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे करवून घेतली, ग्रंथसंग्रह वाढविला, आणि नागरी खिळ्यांचा छापखाना घालून इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. हे सांगितल्यावर ‘अहाहा’ कमी ऐकू येतो. पण एखादा मागे राहतो आणि विचारतो, “ती चित्रे पाहायला मिळतील का?” तो एखादा माझ्या दिवसाचे सोने करतो.

आता जे सांगणार आहे ते आपल्या घरचे आहे. या सभेत तीन प्रकारची मराठी माणसे बसली आहेत. काहींचे पूर्वज व्यंकोजी राजांनंतरच्या काळात येथे आले. काही बँकेच्या किंवा सरकारी बदलीने आले. आणि काही खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन आले. मी पहिल्या वर्गातला. आमच्या मराठीची चाल तमिळ आहे. कित्येक शब्द महाराष्ट्रात विस्मृतीत गेले ते आमच्याकडे टिकले, आणि कित्येक येथल्या मातीतले मिसळले.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्याबरोबर राजवाड्यात आली होती. महाराष्ट्रातून एक मंडळी आली होती. माणसे सज्जन, हौशी. मी बोलू लागताच त्यांच्यातल्या एका बाईंनी फोन पुढे धरला आणि म्हणाल्या, “तुमचं ते गमतीचं मराठी बोला ना थोडं, घरी ऐकवायचं आहे.” मी बोललो. सारे खळखळून हसले. मला बक्षिसीही चांगली मिळाली. घरी परत जाताना मुलीने विचारले, “अप्पा, आपलं मराठी गमतीचं आहे का?” मी काहीतरी उत्तर दिले. त्यानंतर ती बाहेर माझ्याशी तमिळमध्येच बोलू लागली.

बंधुभगिनींनो, माझा पुतण्या संध्याकाळी पोशाख काढून खुंटीला अडकवीत असे. तो वृद्ध कलावंत लाकडी पाय सोडून आपल्या पायांनी घरी जात असे. मी मात्र त्या दिवशी माझी घरची भाषाच पोशाख म्हणून चढविली होती, आणि ती उतरवून कोठे ठेवावी हे मला कळेना. त्या बाईंचा राग मला आला नाही. त्यांनी मागितले, मी विकले.

मग मी एक गोष्ट केली. मोठ्या देवळाच्या प्राकारात नैऋत्येकडील भिंतीवर १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख आहे. त्यात भोसले वंशाचा इतिहास आहे. तो बाबुरायाने लिहिला. प्रवाशांचा ओघ नंदी पाहून, गाभारा पाहून परत फिरतो. त्या कोपऱ्याकडे फारसे कोणी जात नाही. मी मराठी मंडळींना तेथे नेऊ लागलो. काहीही न सांगता म्हणतो, “वाचा.” प्रथम कोणालाच जमत नाही. मग एखादे पोर एक अक्षर ओळखते, आजोबा दुसरे ओळखतात, शब्द जुळतो, आणि सर्वांचे चेहरे पालटतात. ते मराठी पुण्याचेही नव्हे आणि आजच्या माझ्या घरचेही नव्हे. त्या भिंतीपुढे गमतीचे कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दोन तासांतली वीस मिनिटे तेथे जातात, मोटारीचा चालक कुरकुरतो, आणि बक्षिसीही घटली आहे. तरी मी ते सोडलेले नाही.

एके दिवशी मुलीलाही घेऊन गेलो. ती बराच वेळ दगडावर बोट फिरवीत होती. एक ओळ तिने अडखळत वाचली आणि म्हणाली, “अप्पा, हे तर आजीसारखं बोलतात.” त्या संध्याकाळी ती रस्त्याने माझ्याशी मराठीत बोलली. रोज बोलते असे मी म्हणणार नाही. पण बोलते.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत आपण गणपती बसविले, नाटके केली, मुलींना नऊवारी नेसवून व्यासपीठावर उभे केले. हे सारे हवेच. सोहळ्याला थोडे सोंग लागतेच, आणि करमणुकीच्या धंद्यातला माणूस तरी सोंगाला नावे ठेवणार नाही. एवढेच सांगावेसे वाटते की पडदा पडल्यावर, नऊवारी घडी घालून ठेवल्यावर, घरी जाताना त्या मुलीशी आपण कोणत्या भाषेत बोलतो याकडे थोडे लक्ष असावे. ती भाषा अडखळती असो, तमिळ चालीची असो की माणदेशी वळणाची असो. ती प्रवाशांना दाखविण्याची वस्तू नसावी, एवढे पुरे.

येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मी त्या भिंतीपाशी असेन. गाईड म्हणून नव्हे. ज्यांना मुलांना घेऊन यायचे असेल त्यांनी अवश्य यावे.