हातावरची गांध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. अंथरुणे काढताना मला शिंकांवर शिंका येत. डॉक्टरांनी हातावर धूळ, परागकण, बुरशी यांच्या अर्काचे थेंब ठेवून टोचले. २० मिनिटे झाली, एकही गांध नाही! हिस्टामिनच्या थेंबाने ती उठायलाच हवी, तिथेही नाही. आदल्या रात्री शिंकांची गोळी घेतली होती, भिडेपोटी बोलले नव्हते. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर गोळी बंद. ते दिवस कसे काढले, माझे मला ठाऊक!

या खेपेस गादीच्या धुळीतल्या किड्यांची गांध ५ मिलिमीटर उठली. नुसत्या गांधीवर भागत नाही, त्रासाशी जुळावे लागते. माझे जुळले. आता चादरी कढत पाण्यात धुते. सासूबाई म्हणतात, “गाद्या झटक, उन्हात घाल, हे मी कधीची सांगतेय!”